‘सोबती’ची शिरोरेघ

आमच्या भागात ‘सर्किट’ म्हणजे डोक्याने सरकलेला माणूस. त्यामुळे माझं लग्न ठरताना सासूबाईंनी "मुलगी काय करते?" असं विचारलं आणि माझ्या वडिलांनी मोठ्या कौतुकाने "सर्किट बनवते" असं सांगितलं, तेव्हा पलीकडच्या बाजूला बराच वेळ कुणी चहाला हात लावला नाही. शेवटी माझा मोठा भाऊ, अशोकदादा, उठला. त्याने कपाटावरचा रेडिओ काढला, मागचं झाकण उघडलं आणि आतली पाटी दाखवून म्हणाला, "ही पाटी आखते आमची सुमन." सासूबाईंनी ती खालीवर बघितली आणि "रांगोळी बरी काढत असेल मग," असा निकाल दिला. लग्न झालं. रांगोळी मला आजही येत नाही.

पण ‘आखते’ हा शब्द दादाने बरोबर वापरला होता. कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र उघडा, आत एक पाटी असतेच. टीव्ही दुरुस्त करणारे तिला किट म्हणतात, कंपनीवाले पीसीबी म्हणतात, आपण बोर्ड म्हणू. बोर्डाच्या वरच्या अंगाला पार्ट उभे असतात आणि खालच्या अंगाला तांब्याच्या पट्ट्या. या पट्ट्यांना आम्ही ट्रॅक म्हणतो. वीज या ट्रॅकवरून एका पार्टकडून दुसऱ्याकडे जाते. कुठला ट्रॅक कुठून न्यायचा, कुणाला कुणाच्या किती जवळ येऊ द्यायचं आणि कुणाला चुकूनही शिवू द्यायचं नाही, हे ठरवणं माझं काम. कुणी कुणाला शिवायचं नाही हे ठरवण्याचा पगार त्यांची नात घेते, हे ऐकून आमचे आजोबा काय म्हणाले असते कोण जाणे. बहुतेक पोट धरून हसले असते.

हे काम मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत शिकले. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म पसरायची आणि तिच्यावर बारीक काळी चिकटपट्टी कापून कापून चिकटवायची. फिल्मवर जिथे काळं, तिथे बोर्डावर तांबं राहणार. बाकीचं तांबं तेजाब खाऊन टाकणार. पुन्हा पार्ट वरून बघायचे आणि ट्रॅक खालून, म्हणजे सगळा विचार उलटा करायचा. त्या सवयीने मी अजून रिक्षावाल्याला "डावीकडे घ्या" म्हणताना उजवा हात करते. पुढे कॉम्प्युटर आला, चिकटपट्टी गेली. मग एक दिवस कंपनीच उठून दुसऱ्या राज्यात गेली. मी बदलापूरला घरीच एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि मिळेल त्याचे बोर्ड आखून देऊ लागले. ही दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं असतील.

माझे आखलेले बोर्ड प्रत्यक्षात बनवायचे प्रीतमभाई. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. फिल्म काढणं, छापणं, तेजाबात बुडवणं, भोकं पाडणं, सगळं तिथेच. हात कायम तांबूस डागांनी भरलेले. बोलणं सिंधी, हिंदी आणि मराठी यांचं मिश्रण. बोर्ड नीट उतरला नाही, तर स्वतःच फेकून द्यायचे आणि नवा करायचे, गिऱ्हाइकाला कळूही न देता. शेडच्या पुढच्या बाजूला एक छोटं काउंटर होतं. तिथे हौशी लोक सुटे पार्ट न्यायला यायचे. त्या काउंटरवरच माझ्या या बोर्डाचा जन्म झाला.

झालं असं, की येणाऱ्या दहांतल्या सहा जणांना पॉवर सप्लाय हवा असायचा. भिंतीतली वीज दोनशे तीस व्होल्टची. आपली छोटी यंत्रं तीनवर चालतात, नाहीतर सहावर, नऊवर, बारावर. त्यात वरचेवर भारनियमन. वीज यायची-जायची, भडकायची, आणि लोकांच्या वस्तू मरायच्या. भिंतीतली वीज उतरवून, साफ करून, पाहिजे तेवढीच देणारी सोय म्हणजे पॉवर सप्लाय. बिल्डिंगच्या गच्चीवर टाकी असते ना, नळाला कसंही पाणी येवो, आपल्या मोरीत धार सारखी, तसंच हे. ट्रान्सफॉर्मर वीज खाली आणतो, डायोड तिला एकाच दिशेने जाऊ देतात, कपॅसिटर ती साठवतो आणि शेवटी एक तीन पायांचा आयसी हवी तेवढीच बाहेर सोडतो.

गिऱ्हाइकं एकापेक्षा एक. शिवमंदिराजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानदाराकडे अखंड मंत्र म्हणणारी डबी होती. तिचे सेल संपत आले, की देव घोगऱ्या आवाजात बोलायला लागायचे आणि भाविक घाबरायचे. वांगणीला फार्महाउस बांधलेल्या एका साहेबांना मी बारा व्होल्टचा सप्लाय दिला, तर त्यांनी फोन करून पंखा फिरत नाही म्हणून तक्रार केली. पंख्याला दोनशे तीस लागतात, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग असे वीस घेऊन एकापुढे एक लावले तर?" त्यांचं गणित बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त धास्ती वाटली. बदलापूरच्या पुढच्या एका गावातून बेंजो पार्टीचा कीबोर्डवाला आला. हळदीच्या कार्यक्रमात त्याच्या कीबोर्डने मान टाकली होती. कीबोर्ड काउंटरवर आडवा ठेवून म्हणाला, "बाय, यो मेलाय का जित्ता हाय, तेवरा सांग. रडायचं का नाय ते मंग ठरवतो." बहुतेक यंत्रांच्या पिनेत अधिक मध्ये असतं, याच्या पिनेत उणे मध्ये होतं. कुणीतरी दुसऱ्याचा ॲडाप्टर खुपसला होता. आतला एक डायोड बदलल्यावर तो जित्ता झाला, आणि त्या वर्षी मला तीन हळदींची आमंत्रणं आली.

प्रीतमभाई एकदा कंटाळून म्हणाले, "ताई, हर आदमी अलग अलग मागते. तुम्ही एक असा बोर्ड बनवा ना, सबको चलेगा."

मी तो बनवला. त्यात शहाणपण एवढंच, की आयसीच्या एका पायाला कुठला रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा पार्ट, लावता यावर बाहेर किती व्होल्ट येतील ते ठरतं. मी एका रांगेत पाच-सहा रेझिस्टर ठेवले आणि त्यांच्यासमोर पिना. छोटी काळी टोपी ज्या पिनांवर बसवाल, तेवढे व्होल्ट. कुणाला अधलंमधलं हवं असेल तर बाजूला फिरवायचं बटण. भिंतीची वीज मी बोर्डावर येऊच दिली नाही. ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवला, शिकाऊ माणसाचा हात लागला तरी झटका नको. आणि प्रत्येक पार्टला नेहमीपेक्षा जास्त भोकं दिली. उल्हासनगरात पार्ट भंगारातून येतात, एका कपॅसिटरचे पाय जवळ, दुसऱ्याचे फाकलेले. जो हाताला येईल तो बसला पाहिजे. कंपनीत असं केलं असतं तर साहेबांनी गचाळ म्हणून परत पाठवलं असतं. मला मात्र माझ्या सगळ्या कामात या जादा भोकांचाच जास्त अभिमान आहे. पुढे तयार स्वस्त ॲडाप्टर ढिगाने आले आणि बोर्ड विकत घेऊन जुळवत बसायची कुणाला गरज उरली नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

आता दादाबद्दल सांगते. अशोकदादा अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात मशीनवर होता. कारखाना बंद पडला. गेटला कुलूप लागलं तेव्हा तो पन्नाशीच्या आत होता. पहिले काही महिने तो रोज गेटपर्यंत जाऊन यायचा. मग ते थांबलं. मग खाली उतरणंही थांबलं. वहिनी शिवणकाम करायची आणि तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. ना चिडायचा, ना काही मागायचा. ज्या माणसाने माझ्या लग्नाच्या बैठकीत रेडिओ उघडून दाखवला होता, त्याला असं बघून मला रागच यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही.

मी एक दिवस बोर्ड आणि पार्टांची पुडी त्याच्या खाटेवर ठेवली. "माझ्याने आता बारीक सोल्डरिंग होत नाही, एवढं करून दे," अशी थाप मारली. थाप आहे हे त्याला कळलं, पण पुडी त्याने ठेवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात गेले तर बोर्ड तयार होता. पार्टाचे पाय चिकटवणारा सोल्डरचा प्रत्येक डाग गोल आणि चकचकीत.

"चालतो का बघ," तो म्हणाला. मग बोर्ड उलटा करून त्याने तांब्यातली इंग्रजी अक्षरं दाखवली. "पण हे कुणासाठी लिहिलंयस? आमच्या म्हात्रेला दाखवला तर विचारेल, कुठल्या डॉक्टरने लिहून दिलंय?"

म्हात्रे त्याच्या शेजारच्या मशीनवर होता, तोही घरीच बसलेला. दादाच्या डोक्यात काय आलंय, ते माझ्या लक्षात आलं. "मराठीत लिही सगळं," तो म्हणाला. "मी त्यांना शिकवतो. म्हात्रेला, बाकीच्यांना. विहारात रविवारी वंदना झाली की हॉल रिकामाच असतो."

बोर्डावर पांढऱ्या शाईने अक्षरं छापायचं काम वेगळं असतं, ते आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून स्वस्तातल्या बोर्डावर अक्षरं तांब्यातच काढतात, ट्रॅकच्या मधल्या रिकाम्या जागेत. इंग्रजीत त्याचा काही त्रास नाही. प्रत्येक अक्षर आपापलं उभं. आपली अक्षरं मात्र वरच्या रेघेला धरून असतात. कागदावर ती शिरोरेघ, बोर्डावर मात्र तो तांब्याचा सरळ सरळ ट्रॅक. ती कुठे टेकली तर वीज तिच्यावरूनही जाणार. इतकी वर्षं हे काम करून मला हे कधी सुचलं नव्हतं, कारण मराठीत बोर्ड लिहायला मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बोर्डाचं नाव दादाने ठेवलं, ‘सोबती’. मी म्हटलं, हे काय नाव? तर म्हणाला, "दिवसभर घरात माणूस एकटा असतो, सुमे."

नावाला जागा उरली होती ती एकच, आणि तिथून दोन ट्रॅक उभे जात होते. एक अधिकचा, एक शून्याचा. हे दोघे एकमेकांना टेकले की शॉर्ट. मी ‘सो’ आणि ‘ब’च्या मधून एक ट्रॅक नेला, ‘ब’ आणि ‘ती’च्या मधून दुसरा, आणि दोन्ही ठिकाणी शिरोरेघ तोडून ठेवली. तीन अक्षरं सुटी सुटी. दिसायला जरा केविलवाणी, पण कुणी कुणाला शिवत नव्हतं. घरी एक नमुना करून पाहिला, उत्तम चालला. मग काम प्रीतमभाईंकडे दिलं.

वर्ग सुरू झाला. विहाराच्या हॉलमध्ये चटयांवर दहा-बारा पन्नाशीचे पुरुष चष्मे नाकावर ओढून बसलेले, आणि मधे दादा. तो दाढी करून यायला लागला होता. कुठल्या डायोडचं तोंड कुठे, सोल्डरिंगची इस्त्री किती वेळ टेकवायची, तो सगळ्यांच्या मागे फिरून दाखवायचा. शिकवताना त्याचा आवाज मशीनवर असताना चढायचा तसा चढायचा, मोठा आणि थोडा उद्धट. मला तो आवाज ऐकून रडू यायचं. मी चहा आणते सांगून बाहेर जायचे.

आणि मग बोर्डांत वीज सोडायचा रविवार आला. आमच्या धंद्यात नवीन काम कधी थेट प्लगमध्ये लावत नाहीत. मधे एक साधा बल्ब जोडतात, त्याला सिरीज बल्ब म्हणतात. सगळं बरोबर असेल तर बल्ब विझलेला राहतो. कुठे शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्बवर येते आणि तो भक्कन पेटतो. म्हणजे अंधार झाला की आनंद करायचा आणि उजेड पडला की डोक्याला हात लावायचा.

दादाने आधी स्वतःचा बोर्ड लावला. बल्ब भक्कन पेटला.

कुणीतरी हसलं. दादाने डाग तपासले, पुन्हा लावला. पुन्हा पेटला. म्हात्रेने आपला दिला, तोही पेटला. तिसरा पेटला. मग कुणी हसेना. मी एकेक बोर्ड घेऊन पाहिला. डायोड बरोबर, आयसी बरोबर, डाग तर माझ्यापेक्षा चांगले. मला काही सापडेना.

"सगळ्यांचं एकसारखं चुकलंय," दादा म्हणाला. "म्हणजे शिकवणाऱ्याचं चुकलंय."

"दादा, तुझं काही चुकलेलं नाही."

"मग कुणाचं? तू समजूत काढू नकोस माझी."

म्हात्रे त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अशोक, सोड रे. आपलं वय झालं आता." तो बिचारा चांगल्या मनाने बोलला, पण दादाने त्या हाताखालून खांदा काढून घेतला आणि चपला घालून निघून गेला. सोल्डरिंगचं सामान तिथेच राहिलं. दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला, "परत भिंतीकडे तोंड केलंय त्यांनी. पुढच्या रविवारी सामान घेऊन येतो म्हणाले, आणि मग कायमचं बंद."

मी त्या वेळी किती घाबरले होते ते सांगते. एकदा घरी बसलेला माणूस उठतो. दुसऱ्यांदा बसलेला उठेल, याची मला खात्री वाटत नव्हती.

माझ्याकडे उरलेले कोरे बोर्ड होते. एकही पार्ट न लावलेल्या बोर्डावर मी मीटरच्या दोन सुया टेकवल्या, एक अधिकच्या ट्रॅकवर, एक शून्याच्या. दोन जागा कुठेतरी जोडलेल्या असल्या की वाजणारा तो मीटर पीं करून वाजला. म्हणजे चूक दादाची नव्हती, कुणाच्याच हाताची नव्हती. बोर्ड मुळातच शॉर्ट होता. पण कुठे? भिंग घेऊन सगळे ट्रॅक पाहिले. ज्या ट्रॅकला जे शिवायला नको, ते काही शिवलेलं दिसेना. ‘सोबती’वरूनही नजर दोन-चार वेळा गेली. तिथे मला फक्त ‘सोबती’ दिसलं.

वैतागून मी बोर्ड फिरवून, अक्षरं डोक्यावर उभी राहतील असा धरला. आणि तेव्हा तो शब्द राहिला नाही. नुसतं तांबं राहिलं. दोन उभे ट्रॅक, आणि त्यांना जोडणारा एक आडवा, सरळ, अखंड. कुणीतरी माझी तोडलेली शिरोरेघ जोडली होती. नमुन्यात ती तुटलेली होती आणि या बोर्डांवर ती पूर्ण होती. वाचता येणाऱ्या कुणालाही ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण आता शब्द अगदी शुद्ध लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने उल्हासनगरला गेले. प्रीतमभाईंनी फिल्म काढून उजेडावर धरली. फिल्मवर काळ्या पेनाची शाई चमकत होती.

"हां ताई, मीच जोडला," ते खुशीत म्हणाले. "फिल्म में कट आया था. तुमचा मराठी अक्षर, असा तुटलेला कसा चालेल? और ये दो काना भी लटक रहे थे."

"कुठले काने?"

त्यांनी माझ्या दोन ट्रॅकवर बोट ठेवलं. "ये. ‘सोबाती’ लिहिलंय ना?"

मी रागवायला गेले होते, आणि तिथल्या स्टुलावर बसून हसत सुटले. मग हसता हसता रडू लागले आणि दादाची सगळी हकीकत सांगितली. प्रीतमभाईंचा चेहरा पडला. फिल्म खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, आमच्या घरात सिंधी लिहायचं तर उजवीकडून. शाळेत मास्तरने हिंदी अक्षर शिकवला. मी वरची लाइन विसरायचो. तो रूळ मारायचा इथे, बोटांवर. बोलायचा, बिना लाइन का अक्षर नंगा दिखता है. इतनी उमर हो गई, आज भी लाइन तुटलेली बघितली तर हात अपने आप जातो. ट्रॅक मला दिसलाच नाही. शाळाच दिसली."

मी म्हटलं, मी दादाला समजावून सांगते. त्यांनी मान हलवली. "नाही. चार लोकांच्या समोर त्याची इज्जत गेली ना? तर चार लोकांच्या समोर मीच सांगणार." बोर्ड बनवणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकांपुढे जाऊन चूक कबूल करणं म्हणजे धंद्यावर पाणी सोडणं. मी ते त्यांना सांगितलंही. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि रविवारी किती वाजता यायचं ते विचारलं. या माणसाचे उपकार कसे फेडायचे, हे मला आजही समजलेलं नाही.

रविवारी वंदना संपल्यावर सगळे जण होते. दादा सामान न्यायला आला होता, दारातच उभा. प्रीतमभाई पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चपला बाहेर काढल्या, बुद्धमूर्तीसमोर वाकले आणि सगळ्यांना हात जोडून आपल्या सुरात म्हणाले, "जय भीम." सगळ्यांनी चमकून "जय भीम" केलं. मग ते सरळ दादाकडे वळले.

"अशोकभाई, तुमच्या हाताला काही झालं नाही. तुम्ही शिकवला तो पण बरोबर. खराबी माझ्या पेनची आहे." आणि त्यांनी फिल्म, शाई, मास्तर, रूळ, सगळं सांगितलं. सांगताना बोटं पुढे करून दाखवली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी कोरा बोर्ड उलटा करून त्याच्या हातात दिला. तो खिडकीपाशी गेला आणि बघत राहिला.

"आयला," तो हळूच म्हणाला. मग म्हात्रेला हाक मारली. "म्हात्रे, इकडे ये. हे बघ काय झालंय. नाही, असा नको, उलटा धर."

प्रीतमभाई म्हणाले, "मी सगळे नवीन बनवून देतो."

"कशाला? चांगले बोर्ड आहेत," दादा म्हणाला. "ब्लेड आहे का कुणाकडे?"

एकच काप पुरेसा होता, ‘ब’च्या डोक्यावरची रेघ कापली की दोन ट्रॅक सुटे. दादाने ब्लेड प्रीतमभाईंच्या हातात दिलं. "शेठ, तुम्ही जोडलीत, तुम्हीच तोडा." प्रीतमभाईंनी ब्लेड शिरोरेघेवर टेकवलं, आणि तसेच थांबले. हात पुढे सरकेना. "नाही होत," ते ओशाळून म्हणाले. "मास्तर बघतो असा वाटते."

दादा हसला. मोठ्याने, पोटातून. कारखाना बंद झाल्यापासून मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं, आणि ते माझं आवडतं हसणं मी विसरायला लागले होते. मग म्हात्रे हसला, मग सगळा हॉल. दादाने ब्लेड घेऊन रेघ खरवडली, मीटर लावला. पीं नाही. बोर्ड सिरीज बल्बमधून प्लगला लावला. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. दादाने बटण फिरवलं. मीटरचा काटा शून्यावरून हलला आणि त्याच्या बोटांबरोबर सावकाश वर चढत गेला.

"अशोक, माझा बघ ना," म्हात्रे म्हणाला.

"सगळ्यांचे बघतो. पण रेघ ज्याची त्याने कापायची," दादा म्हणाला, त्याच मोठ्या, थोड्या उद्धट आवाजात. "आणि कापताना ट्रॅक कापलात तर माझ्याकडे यायचं नाही." सगळे ब्लेड मागायला लागले. प्रीतमभाई चटईवर मांडी घालून एकेकाचा बोर्ड उजेडात धरून देऊ लागले. मी तिथेच उभी होते. दादाने मान वर केली आणि मला बघून म्हणाला, "सुमे, तू जा आता घरी. आम्हाला वेळ लागेल."

वर्षभर त्याला घराबाहेर काढायला धडपडणारी मी, मला त्याने असं घालवून दिलं आणि मला त्याचा इतका आनंद झाला, की चपला घालताना डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली.

जाताना वहिनीकडे डोकावले. तिने दादाचं पान वाढून ठेवलं होतं. सामान घेऊन लगेच येणार, असं तो सांगून गेला होता.

"हे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"दादा कामात आहे," मी म्हटलं.

तिने पान पुढ्यात ओढलं. मग वाढलेला भात पातेल्यात परत टाकला, वर झाकण ठेवलं आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "असू दे. कामावरून आले की गरम करून वाढीन."